देवीचा उंबरा

माझ्या सासूला वाळीत कुणी टाकलं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पूर्वी कळायचं. पूर्वी देवळापुढे पाच म्हातारे बसायचे, त्यातला एक खाकरायचा आणि निकाल सांगायचा. त्याचं थोबाड लक्षात राहायचं. येताजाता त्याला मनातल्या मनात शिव्या घालता यायच्या, आणि वेळ आली की त्याच्याच पायावर नारळ ठेवून परतही येता यायचं. आमच्या वेळेला थोबाडच उरलं नव्हतं.

आमचं गाव कोन गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला. मी शेलार गावची, लग्न होऊन इथे आले तेव्हा घराच्या मागे भाताची खाचरं होती. आता मागे गोदाम आहे, पुढे गोदाम आहे, आणि मधल्या पट्टीत गाव आहे. मी त्यातल्याच एका गोदामात स्कॅनर घेऊन उभी असते, दिवसाची शिफ्ट. नवरा टेम्पो चालवतो. तो बोलत नाही. घरात बोलायचं काम मी करते आणि गायचं काम सासू करायची.

सासू म्हणजे गावची धवलारीण. आमच्या लोकांत लग्नाला भटजी नंतर, आधी धवलारीण लागते. मांडव घालायचा, हळद लावायची, देव बोलवायचे, प्रत्येक गोष्टीचं वेगळं गाणं, तिचा धवला असतो. ती एक ओळ म्हणते आणि भोवतीच्या बायका तीच ओळ उचलतात. गावातल्या एकूण एक घराचं लग्न तिच्या तोंडून लागलेलं. कुणाच्या घरात कुठल्या बाईचा आवाज चिरका आहे, कोण ओळ विसरते, हे तिला पाठ. मांडवात तिला पहिला पाट. ती तशी गरीब स्वभावाची नव्हती. कोणी सूर सोडला की हळद लावता लावता ती त्या बाईला कोपर मारायची. मला तर तिने लग्नानंतर महिनाभरात सांगून टाकलं होतं, "तुजा आवाज म्हंजे फुटक्या माठात दगूड. तू भात बघ."

आता पुतण्याचं सांगते. नवऱ्याच्या चुलतभावाचा मुलगा. इंजिनिअर झाला, बंगळुरूला नोकरी केली, आणि गोदामांचं भाडं यायला लागल्यावर परत आला. चांगला मुलगा. वाकून नमस्कार करणारा, काकी जेवलीस का विचारणारा. मला त्याचा राग येतो तो याच गोष्टीचा, की त्याला शिवी घालायला जागाच सापडत नाही.

गावाच्या सामाईक जमिनीवर गोदाम उभं राहिलं तेव्हा भाड्यावरून पंचांत भांडणं लागली. कुणी खाल्लं, कुणी लपवलं. तेव्हा ह्या पुतण्याने देवळाच्या सभामंडपात पडदा लावून आम्हाला समजावलं. म्हणाला, आपल्या गावाचा कारभार कुणाच्याच हातात ठेवायचा नाही. सगळ्यांच्या फोनात एकच नोंद राहील. एकाने खोडायची म्हटली तर बाकी सगळ्यांचे फोन तिला खोटं पाडतील. प्रत्येक उंबऱ्याला एक मत. मत कुणी कुठे टाकलं ते कुणालाच दिसणार नाही, नुसती मोजणी आणि निकाल दिसेल. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना, तो आता गावामुखी होईल.

एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण त्याला दम निघेना. म्हणाला, जगच असं होणार आहे. राजधान्या, मोठ्या बँका, दोनचार बलाढ्य देश, ह्यांच्या मुठीतून सत्ता निसटणार. विज्ञानसुद्धा मोठ्या प्रयोगशाळांत अडकून पडणार नाही, घराघरांत मोजमापं होतील आणि ती कुणाला दाबता येणार नाहीत. त्याने खरोखरच खाडीकाठच्या काही घरांत पाण्याची घाण मोजणारे डबे बसवले. आमच्याही मागच्या पायरीला, गोदामाच्या कडेने खाडीचं पाणी चढतं तिथे, एक बसवला, कारण कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी सगळ्यात आधी आमच्याच दारात येतं. डब्याचे आकडे आपोआप त्या नोंदीत जायचे. मला ते बघायला आवडायचं. नाकाला जे वर्षानुवर्षं कळत होतं ते आता आकड्यात दिसायचं.

ह्या व्यवस्थेला सगळे चावडी म्हणायला लागले. फोनातली चावडी. प्रत्येक घराच्या थोरल्याला बारा शब्द मिळाले, तीच त्या उंबऱ्याची किल्ली, ते फोनात घातले की त्या घराचं मत टाकता येतं. कुणी मेलं, कुणी विसरलं, तर शेजारच्या घरांनी साक्ष द्यायची आणि नवी किल्ली घ्यायची, अशी सोय होती. पुतण्याने विचार केला नव्हता असं कोणी म्हणू नये.

मग नियमांची पाळी आली, आणि आमच्या म्हाताऱ्यांनी अक्कल पाजळली.

पहिला नियम वाळीत टाकण्याचा. पुतण्या म्हणाला, तो विषयच नको. म्हातारे म्हणाले, मग तुझी चावडी नको. तेव्हा तो नियम असा ठरला की बाहेर काढायला बहुमत पुरे, पण परत घ्यायला एकूण एक उंबऱ्याचं मत पाहिजे. कारण आमच्यात रीतच तशी. परत आलेल्या घराने गावाला पाणी द्यायचं आणि प्रत्येक घराने ते प्यायचं. एकाने जरी पेला खाली ठेवला तरी तो माणूस अजून बाहेरच.

दुसरा नियम गावदेवीचा. गावात मासळीची वाटणी होवो, बोकडाची होवो, देवीचा वाटा बाजूला निघतो. तर देवीलाही उंबरा पाहिजे. मी बायकांच्या बाजूला बसले होते, माझी जीभ कुठे गप्प राहते. म्हटलं, "देवीला फोन कुठला घेणार, हप्त्यावर का?" सगळे हसले आणि देवीचा उंबरा मंजूर झाला. त्याची किल्ली पुतण्याच्या आजोबांकडे गेली. ते सगळ्यात थोरले पंच आणि देवीचे मानकरी. तेवढ्यात कोणीतरी शंका काढली, उद्या मानकऱ्याच्या घराने देवीचं मत स्वतःच्या फायद्याला वापरलं तर? साक्षीदार फोडून दुसऱ्याने किल्ली पळवली तर? लगेच ठरलं, देवीची किल्ली कधीच बदलायची नाही. आणि हे नियम बदलायचे तर पुन्हा सगळे उंबरे पाहिजेत, देवीसकट. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून देवीला कुलूप घातलं आणि टाळ्या वाजवून घरी गेले.

त्याच दिवसांत पुतण्या आमच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, आजी, तुझे धवले मी भरून घेतो. जगभरच्या फोनांत राहतील, कुणी पुसू शकणार नाही, आपल्या शंभर पिढ्या ऐकतील. सासू लाजली. म्हणजे लाजल्यासारखं करून लुगडं बदलायला आत गेली. मग तिने हळदीपासून सगळे धवले एका दमात म्हटले. शेजारचं कोंबडं आरवलं ते त्यात गेलं, नवऱ्याच्या टेम्पोचा हॉर्न गेला, मध्ये तिने माझ्याकडे पाणी मागितलं तेही गेलं. मी म्हटलं, एवढं कापून टाक. तर म्हणाला, "काकी, ते थेट चढलं वर. आता न्हाय निघत."

त्यानंतर एके दिवशी आमच्या दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. गावातलीच, कामतघरला कापडाच्या लूमच्या ऑफिसात हिशेबाला जायची. तिथल्याच एका तेलुगू घरातल्या मुलाशी लग्न ठरवलं होतं. मुलाच्या बापाचे चार लूम, मुलगा ते सांभाळणारा, दारू नाही, काही नाही. तिच्या आईबापांनी दार लावून घेतलं होतं. ती सासूला म्हणाली, "आत्ये, मना धवल्याशिवाय हळद नको. तू ये."

नवरा पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "आये, नको जाव."

सासू म्हणाली, "ही जन्मली तवा हिच्या आयशीची वटी मी भरली. हिची हळद कोण लावल, तुजा टेम्पो?"

ती रिक्षाने गेली आणि मला सोबत घेऊन गेली. चाळीच्या गच्चीवर मांडव होता, खाली लूम खडखडत होते. मुलाकडच्या बायकांना धवल्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण त्या हात जोडून बसल्या. ओळ उचलायला कुणीच नाही. तेव्हा सासूने माझ्याकडे पाहिलं. फुटक्या माठाला त्या दिवशी भाव आला. मी उचलली ओळ, जमेल तशी. तिने एकदाही कोपर मारलं नाही.

आम्ही गावात परतलो त्यानंतर दोन दिवसांत सगळ्यांचे फोन एकदम वाजले. चावडीवर ठराव आला होता, आमचा उंबरा बाहेर काढण्याचा. ठराव कुणी आणला ते दिसत नाही, तशी सोयच आहे. आमच्या उंबऱ्याची किल्ली नवऱ्याकडे, त्याच्याही फोनवर आला. स्वतःच्या आईला काढायचं का, हो की नाही. तो टेम्पोत बसून बराच वेळ त्या दोन बटणांकडे बघत राहिला. शेवटी त्याने 'नाही'चं बटण दाबलं, मी स्वतः पाहिलं. संध्याकाळी निकाल आला. बहुमत झालं होतं. त्यानंतर आमची चावडी उघडली तर नुसता पांढरा पडदा दिसायला लागला.

वाळीत म्हणजे काय, हे ज्याच्यावर आलेलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मारत कुणी नाही. दुकानदार सामान देतो, पण सुट्टे हातात न देता फळीवर ठेवतो. सामाईक नळावर आपण गेलो की बायका आपापले हंडे उचलून मागे सरतात, आपलं भरेपर्यंत वाट बघतात आणि मग नळ धुतात. ज्या बाईचं बाळंतपण मी केलं ती माझ्या अंगावरून नजर अशी नेते की मी भिंत आहे. आणि सगळ्यांचं तोंडपाठ एकच वाक्य, तेही भलत्या गोड आवाजात, "काय करनार, चावडीचा निकाल हाय." मी एकीला नळावर गाठलं. म्हटलं, तू काय दाबलंस, हो की नाही? म्हणाली, "मी न्हाय दाबलं." दुसरीला विचारलं, तीही तेच. गावभर विचारत फिरले असते तर कळलं असतं की आम्हाला कुणीच काढलेलं नाही.

पाणी मोजायचा तो डबाही बंद झाला. उंबराच बाहेर, तर त्याचे आकडे कसे घेणार? सगळ्यात घाण पाणी आमच्या दारात, आणि तेच मोजणीतून गेलं. पुढच्या महिन्यात चावडीवर खाडीचं पाणी सुधारल्याचं दिसलं, असं कानावर आलं. लोकांनी एकमेकांना अंगठे पाठवले म्हणे. आमच्या पायरीवर पाणी तसंच, कधी लाल, कधी जांभळं.

मी चौकीवर गेले. वाळीत टाकणं गुन्हा आहे, कायदा आहे, मला माहीत होतं. साहेब सभ्य होता. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, नाव कुणाचं लिहू?" मी म्हटलं, गावाचं लिहा. तो म्हणाला, गावाला बेड्या घालता येत नाहीत. पुतण्याला बोलावलं. त्याने नम्रपणे सगळं उघडून दाखवलं, मी फक्त सोय केली साहेब, मालक कुणीच नाही, मला स्वतःलाही मतं दिसत नाहीत. आणि ते खरं होतं. म्हणूनच जास्त संताप आला. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "तू सांगत होतास की राजधानीवाल्यांच्या हातातून सत्ता काढायची. दिल्लीने माझ्या सासूचं पाणी कधी तोडलं होतं रे? ते काम पहिल्यापासून आपल्याच लोकांचं. तू त्यांना फक्त तोंड लपवायला पदर दिलास."

"काकी, मीपन न्हाय दाबलं," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

सासूला ह्या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. खाडी, कायदा, चौकी, कशाशीच नाही. तिला एकच गोष्ट पाहिजे होती, मांडवातला तिचा पाट. त्या वर्षी गावात लग्नं झाली आणि धवलारणीवाचून झाली. कुठून तरी कल्याणकडची एक बाई आणायचे, ती वहीत बघून म्हणायची. सासू ओट्यावर बसून कान लावायची. "चुकली," म्हणायची. "देव बोलावले आन बसवलेच न्हायत. उबेच ठेवले." आणि मग पदर तोंडाला लावायची. माझा जीव तुटायचा. तिच्या त्या खडूस तोंडाला मी किती वर्षं घाबरले होते, आणि आता ते तोंड असं मिटलेलं बघवत नव्हतं.

शेवटी ती पुतण्याच्या आजोबांकडे गेली. नात्याने तिचे दीर. त्यांच्या अंगणात, पायरीच्या खाली उभी राहिली, वर चढली नाही. मी मागे होते.

"भावजी," ती म्हणाली, "मागं तुमीच एकाला काढला व्हता, तुमीच नारल घेतला न आत घेतला. माजा बी नारल घ्या."

म्हातारा खाटेवर बसला होता. त्याने नारळाकडे पाहिलं. "वयनी, तवा माज्या हातात व्हतं. आता नारल घेऊन मी काय करू? फोनाला नारल फुटतो काय?" मग म्हणाला, "कुनी परतीचा ठराव आनला ना, तर देवीचं मत मी टाकीन. एवढं माज्या हातात हाय."

एवढ्यावर ती बाई घरी येऊन पोटभर जेवली.

म्हातारा पावसाळ्यानंतर गेला. झोपेतच गेला, सुखाने. आम्हाला कुणी कळवलं नाही. रडण्याचा आवाज आला म्हणून कळलं. सासू रस्त्याच्या ह्या बाजूला उभी राहून दिराची तिरडी जाताना बघत होती. जाणाऱ्यांपैकी एकानेही मान वळवली नाही. मी वळवायला लावणार होते, तोंडात शब्द आले होते, तिने माझा दंड धरला.

मग ह्या पुतण्याचं लग्न ठरलं. आणि आमचं गाव बघा कसं. ज्या गावाला धवलारणीवाचून बाकीच्यांची लग्नं चालली, त्याला हिच्यावाचून हे लग्न चालेना. मोठ्या घरचं लग्न, पाहुणे येणार, आणि वहीत बघून म्हणणारी बाई कशी चालेल? अडला हरी म्हणतात, तो असा. चावडीवर ठराव आला, आमचा उंबरा परत घेण्याचा. ह्या खेपेला कुणी आणला ते सगळ्यांना माहीत होतं, कारण पुतण्या स्वतः घरोघर फिरला. लोकांनी धडाधड हो दाबलं. आमच्याकडे त्याचा फोन येत राहिला, काकी, निम्मे झाले, काकी, थोडेच राहिले. ज्यांनी नळ धुतला त्यांनीही दाबलं. माझ्या अंगावरून भिंतीसारखी नजर नेणारी ती बाई दारासमोर येऊन हसून गेली. मी तिच्याकडे पाहून दाराची कडी घातली, पण आतून मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. सासूने ट्रंकेतून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

सगळे उंबरे झाले. घरं सगळी मोजून झाली, तरी मोजणीत एक राहिला. देवीचा.

पुतण्याच्या घरात शोधाशोध सुरू झाली. म्हाताऱ्याची पेटी, उशी, देव्हारा, खाटेचे खूर. बारा शब्द कुठेच मिळाले नाहीत. मग पुतण्याच्या आजीने तोंड उघडलं. म्हाताऱ्याने ते पाठ करून कागद जाळला होता. देवीची गोष्ट, ती लिहून ठेवायची नाही आणि तोंडातून काढायची नाही, काढली तर वंश बुडतो. शब्द त्याच्याबरोबर गेले होते.

"मग दुसरी किल्ली काढ," लोक म्हणाले.

पुतण्या म्हणाला, देवीची निघत नाही. तुम्हीच तसं ठरवलंत.

"मग नियम बदल."

नियम बदलायला देवीचं मत लागतं.

"मग ही चावडीच मोड, नवी काढ."

तर भाड्याचा करार, सगळ्यांचे वाटे, सगळं त्याच चावडीत बांधलेलं. मोडायची म्हटल्यावर आधी मोडा म्हणणारेच मागे सरले. एका म्हातारबाईसाठी कोण हात घालणार?

मग कुणीतरी म्हणालं, देवीलाच विचारू की. कौल लावू. आमच्यात हे नवीन नाही, अडलं की देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर होकार. सगळा गाव देवळात जमला. सासूला पायरीवर चढायची परवानगी नाही, ती खाली उभी. हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर. मानकरीपण आता पुतण्याच्या बापाकडे आलं होतं, त्याने फुलं लावली आणि गाऱ्हाणं घातलं, ही लेक तुझी, हिला आत घेऊ का.

उजवं फूल पडलं. वेळसुद्धा लागला नाही. सगळ्यांनी बघितलं. बायकांनी हात जोडले, कुणी नाक मुरडलं नाही, देवीने हो म्हटलं होतं. सासूने डोळे पुसले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

आणि मग सगळ्यांनी आपापले फोन काढून बघितले.

मी ते कधीच विसरणार नाही. एवढा मोठा सभामंडप, समोर देवी, तिच्या पायाशी पडलेलं फूल, आणि माना सगळ्यांच्या खाली. फोनात आमचा उंबरा अजून बाहेरच होता. कुणीतरी हळूच म्हणालं, "दिसत न्हाय अजून." दुसरा म्हणाला, "येल लागत आसंल." थांबले सगळे. पुतण्याचा बाप पुतण्याकडे बघायला लागला. पुतण्या म्हणाला, बाबा, कौल त्यात जात नाही. सासूचा पाय पायरीवरच होता. कुणीही एक शब्द बोललं असतं, ये गो म्हटलं असतं, तर ती चढली असती. मी म्हटलं, "देवी तुमच्या डोळ्यांसमोर हो म्हणाली, आता अजून कुणाची वाट बघताय, मुडद्यांनो?" एकही माणूस रागावला नाही. उलट दयेने बघत होते माझ्याकडे. "काकी, आमच्या हातात असतं तर..." असं म्हणत म्हणत चपला शोधून घरी गेले.

सासूने पाय खाली घेतला.

हळदीच्या आदल्या दिवशी पुतण्या आला. ओट्याच्या खालीच उभा राहिला, आता त्यालाही सवय झाली होती. म्हणाला, "काकी, कल्यानवाली नको म्हनते आई. आजीचे धवले हायत माज्याकडे. तेच लावले तर चालल का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून सासू म्हणाली, "लाव. हलद कोरडी नको जायाला."

हळदीच्या दिवशी मांडव समोरच्या मैदानात. आमच्या ओट्यावरून सगळं दिसत होतं. कर्ण्यातून सासूचा आवाज आला, स्वच्छ, दोन वर्षांपूर्वीचा. तिने पहिली ओळ म्हटली आणि मांडवातल्या सगळ्या बायकांनी ती उचलली. गावभर घुमलं. पहिला पाट मांडलेला होता, त्याच्यावर कर्ण्याचा डबा ठेवला होता.

सासू ओट्यावर बसून ऐकत होती. आधी ताठ बसली होती. मग तिचा हात मांडीवर हलायला लागला. कुणी चिरकं म्हटलं की तिचं कोपर आपोआप बाहेर यायचं, बाजूला मीच होते, मला लागायचं. देव बोलावून झाले, ते बसवून झाले. कोंबडं आरवलं, मांडवातले पाहुणे हसले. टेम्पोचा हॉर्न वाजला, पुन्हा हसले.

मग कर्ण्यात ती खोकली. ओळ तुटली. आणि सबंध गावाला ऐकू गेलं, "सूनबाय, पानी दे गो. घसा सुकला."

कुणी हसलं नाही. त्या गर्दीतली एक बाई, जिच्या मुलींची हळद सासूने लावली होती, सवयीने उठली आणि तिने पिंपातून तांब्या भरला. भरला आणि मग तिच्या लक्षात आलं. तांब्या हातात धरून ती आमच्या ओट्याकडे बघत उभी राहिली. मध्ये रस्ताच तेवढा, वीसेक पावलांचा. सासूने तिच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं नाही, हात किंचित पुढे केला. मी पाहिला तो हात.

बाई हलली नाही.

कर्ण्यात माझा आवाज आला, "आणते, आये."

सासूने हात मागे घेतला आणि म्हणाली, "तूच आन गो मग."

मी आत जाऊन पाणी आणलं. ती प्यायली. समोरच्या बाईने तांब्या खाली ठेवला, तेवढ्यात कर्ण्यातून पुढची ओळ आली, आणि तिने ती बाकीच्यांबरोबर उचलली.